वाफसा येण्याआधीची पेरणी

परभणी जिल्ह्यातील साठी ओलांडलेल्या दहा माणसांच्या जन्मतारखा विचारून पाहाव्यात. त्यांतील काहींची तारीख हमखास १ जून निघते. मराठवाड्यातील शासकीय कार्यालयांत ३१ मे रोजी निरोप समारंभांची जी गर्दी उडते, तिचे मूळ याच तारखेत आहे. या दिवशी जिल्ह्यात बालकांचा पूर लोटत असे, असे मुळीच नाही. जून महिन्यात बाप मुलाचा हात धरून शाळेत येई. जन्म कधीचा, असे गुरुजींनी विचारले की ‘मोठ्या पुराच्या वर्षीचा’ किंवा ‘पोळ्याच्या आगेमागे’ असे उत्तर मिळे. मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाती लागला की मूल शाळेजोगे झाले, असे मानून गुरुजी हिशेबात बसेल असे वर्ष आणि त्यापुढे १ जून ही तारीख पटावर नोंदवीत.

या पद्धतीला आज हसणे सोपे आहे. परंतु तिच्यात एक शहाणपण दडलेले होते. मूल शाळेत बसण्याइतके वाढले आहे की नाही, हा प्रश्न गुरुजी त्या मुलाकडे पाहून सोडवीत होते. आज तारीख अचूक आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच पुरावा आहे. तारीख अचूक झाली; मुलाकडे पाहणे मात्र राहून गेले. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत जन्मलेल्या बालकांच्या घरी आज जो पेच पडलेला दिसतो, तो नेमका येथून सुरू होतो.

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये शाळाप्रवेशाच्या वयाची सीमारेषा ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरवर नेली. ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षे पूर्ण करणारे मूल त्या वर्षीच्या नर्सरीस आणि ६ वर्षे पूर्ण करणारे मूल पहिलीस पात्र ठरते. शाळा मात्र जूनच्या मध्यास भरते. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले बालक नर्सरीच्या बाकावर बसते तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचे असते. त्याच्या शेजारी आदल्या जानेवारीत जन्मलेले, जवळपास साडेतीन वर्षांचे मूल बसलेले असते. मोठ्या माणसांच्या आयुष्यात एका वर्षाचे अंतर ते काय! अडीच वर्षांच्या बालकाच्या दृष्टीने मात्र एक वर्ष म्हणजे आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ निम्मा भाग होय. एक मूल पूर्ण वाक्यात तक्रार सांगते, दुसऱ्याला लघवीस जायचे आहे हेही परक्या बाईंना सांगता येत नाही. आणि दोघांना एकाच वहीत एकच अक्षर गिरवायचे असते.

शासनाने दिलेली ही मर्यादा पात्रतेची आहे, सक्तीची नाही, ही गोष्ट अनेक पालकांच्या ध्यानातच येत नाही. शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधी मुलास कोठेही पाठविण्याचे बंधन पालकांवर नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा मानला आणि त्यास अनुसरून केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्व राज्यांना पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण ही अट ठेवण्यास कळविले. केंद्रीय विद्यालयांनी २०२२-२३ पासून पाचाऐवजी सहा वर्षांची अट घातली, तेव्हा काही पालक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०२२ मध्ये त्यांची याचिका फेटाळताना, मूल दोन वर्षांचे होताच त्याला शाळेत धाडण्याची पालकांची घाई त्याच्या मानसिक आरोग्यास बाधक ठरू शकते, असे न्यायालयास म्हणावे लागले. शेजारच्या कर्नाटकात १ जून रोजी सहा वर्षे पूर्ण हा नियम २०२५-२६ पासून लागू व्हायचा होता; पालकांच्या दडपणामुळे त्या वर्षापुरती ५ वर्षे ५ महिन्यांची सवलत द्यावी लागली. बेळगाव-निपाणीकडील मराठी घरांतही त्या वसंतात हाच खल चालला होता. नियम करणारे थांबा म्हणतात आणि आईबाप पुढे ढकलतात, असा हा उलटा प्रकार आहे.

या घाईला नुसती नावे ठेवून भागणार नाही. तिचे मूळ समजून घेतले पाहिजे, विशेषतः परभणीसारख्या जिल्ह्यात. निजामी राजवटीत येथील मराठी मुलाला शाळा मिळणेच दुर्लभ होते. मिळाली तरी वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्यानंतर कोठे गावोगाव मराठी शाळांचे दार उघडू लागले. ज्या घरातील आजोबा नवव्या-दहाव्या वर्षी शाळेत गेले, आजी कधी गेलीच नाही, त्या घरातील आईबापांना आपले लेकरू एक दिवसही मागे राहू नये असे वाटले तर त्यात नवल नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे म्हणणाऱ्या या जिल्ह्याला मागे राहण्याचे दुःख चांगले ठाऊक आहे. परंतु पूर्वीच्या उशिराची भरपाई आजच्या घाईने होईल काय?

जिंतूर रस्ता, वसमत रस्ता, गंगाखेड रस्ता, परभणीच्या कोणत्याही बाजूने गेले तरी इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गांच्या रंगीत पाट्या दिसतात. त्यांतील सगळ्याच वाईट आहेत असे नव्हे. काही ठिकाणी बाई मनापासून मुलांत रमतात. पण बहुसंख्य ठिकाणी नर्सरी म्हणजे पहिलीचा अभ्यास तीन वर्षे आधी ओढून आणण्याची जागा झाली आहे. घरी मराठी ऐकणाऱ्या बालकाला परक्या भाषेतील अक्षरे, शंभरपर्यंतचे आकडे, रोजचा गृहपाठ, आणि वर्षअखेरीस परीक्षाही! माणसाच्या मनगटातील आठही हाडे जन्मतः कूर्चेच्या रूपात असतात आणि ती पक्की व्हायला बालपणाची कैक वर्षे जातात. तीन वर्षांच्या मुलाने पेन्सिल मुठीत धरली आणि रेघ वाकडी गेली, तर तो आळस नव्हे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तके असू नयेत, असेच सांगितले आहे. नवे हे काहीच नाही. प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्येच शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात, असे म्हटले होते. शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने अशा मुलाखतींना मनाईही केली. तरीही साडेतीन वर्षांच्या मुलाला रंगांची इंग्रजी नावे विचारून घेणारे महाभाग आहेत. असो.

परभणीला शेतीची भाषा लवकर कळते. १९७२ साली येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाचा शेतकऱ्यांना दर मृगात एकच सांगावा असतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत वाफसा आल्याशिवाय पेरणी करू नका. पहिल्या सरीला भुलून जो तिफण धरतो, त्याचे बियाणे उगवून करपते आणि दुबार पेरणीचे संकट पदरी येते. हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, तोच शेतकरी स्वतःच्या लेकराच्या बाबतीत मात्र पहिल्या सरीलाच तिफण धरतो, ही मोठी विसंगती आहे. वर्गात मागे पडलेल्या चार वर्षांच्या मुलाला ‘ढ’ हे विशेषण एकदा चिकटले की त्याची दुबार पेरणी करता येत नाही.

थांबल्याने काय साधते, याचा अभ्यास इतरत्र झाला आहे. डेन्मार्कमध्ये मूल ज्या वर्षी सहाचे होते, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शाळेत जाते. म्हणजे तेथील सीमारेषाही ३१ डिसेंबरचीच. तिच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या मुलांची तुलना थॉमस डी आणि हान्स हेन्रिक सीव्हर्ट्सन या अभ्यासकांनी २०१५ मध्ये मांडली. एक वर्ष उशिरा शाळेत गेलेल्या मुलांत सातव्या वर्षी चंचलपणा व लक्ष न लागण्याच्या तक्रारी पुष्कळ कमी आढळल्या आणि अकराव्या वर्षापर्यंत तो फरक टिकून राहिला. नॉर्वेतील २०११ च्या एका अभ्यासाचा निष्कर्ष मात्र पालकांना जमिनीवर आणणारा आहे: अठराव्या वर्षी सैन्यभरतीच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या बुद्धिचाचणीत उशिरा शाळेत गेलेल्यांना कोणताही लाभ आढळला नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले म्हणजे कळते की थांबल्याने मूल अधिक हुशार होत नाही, त्याची बैठक मात्र स्थिर होते. मुलाला वर्गात सर्वांत मोठे ठेवून पहिला नंबर पटकावण्यासाठी जे थांबू पाहतात, त्यांनीही घाई करणाऱ्यांइतकीच चूक केलेली असते. दोघांच्याही मनात स्पर्धाच असते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय डेन्मार्कचे उदाहरण दिशाभूल करील. तेथील जे मूल शाळेसाठी वर्षभर थांबते, ते घरी रिकामे बसत नाही. ते बालोद्यानात असते. मातीत खेळते, गोष्टी ऐकते, सवंगड्यांशी भांडते आणि पुन्हा गट्टी करते. परभणीतील एखाद्या फ्लॅटमध्ये आईबाप दोघेही नोकरीला, आजी-आजोबा गावी आणि मुलाच्या हाती मोबाईल, अशा स्थितीत थांबण्याला काय अर्थ उरतो? वाफशाची वाट पाहणारा शेतकरी बांधावर झोपत नाही; तो मशागत करतो. मशागतीविना ठेवलेल्या रानात तणच माजते. पूर्वी ही मशागत वाड्यात, ओसरीवर, देवळाच्या पारावर आपोआप होत असे. आजीच्या ओव्या, दळताना-कांडताना म्हटलेली गाणी, चुलत-मावस भावंडांचा गोतावळा, शेणसड्याच्या अंगणात मांडलेली भातुकली ही त्या वयाची शाळाच होती, आणि तिची भाषा मायबोली होती. आपल्या परंपरेने विद्यारंभाचा संस्कार पाचव्या वर्षी सांगितला आणि त्याआधीचा काळ लालनाचा मानला, तो हे घर गृहीत धरूनच. घर तसे उरले नसेल तर केवळ परंपरेचा हवाला देऊन मुलास घरी ठेवणे ही आत्मवंचना ठरेल.

घर आणि शाळा यांच्या मधली ही वाट महाराष्ट्राने फार पूर्वी शोधून ठेवली आहे. गिजुभाई बधेका यांच्या सहवासात भावनगरला घडलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्याच वेळी त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, गवत यांवर त्यांनी बालवाडी उभी केली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यातील केंद्र आज ज्या अंगणवाडी नावाने ओळखले जाते, ती कल्पना ताराबाईंनी याच मातीत रुजविली होती. मध्यमवर्गीय कुटुंबांनी अंगणवाडीला ‘खिचडीची शाळा’ म्हणून नाक मुरडले आणि दरमहा शुल्क भरून मुलांना वह्यांच्या हवाली केले, याला दैवदुर्विलास म्हणावे की आळस? चार सुशिक्षित माता आठवड्यातून एक दिवस जवळच्या अंगणवाडीत गोष्ट सांगायला गेल्या, तर ताईंचा हुरूप वाढेल आणि त्या मातांचाही भ्रम फिटेल. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचे, आता सामुदायिक विज्ञान म्हणतात, ते महाविद्यालय आहे. बालविकासाचे शिक्षण तेथे दिले जाते. जिल्ह्याच्या गावीच अशी विद्या उपलब्ध असताना पालकांनी सल्ल्यासाठी जाहिरातींकडे पाहावे, हेही एक आश्चर्यच.

मग निर्णय घ्यावा कसा? ऑक्टोबर-डिसेंबरात जन्मलेल्या मुलाच्या आईबापांनी आधी काही दिवस मुलाकडे नीट पाहावे. आईशिवाय दोन तास ते राहते काय, भूक लागली, दुखले, भीती वाटली हे मायबोलीत सांगते काय, आपल्या हाताने चार घास खाते काय, दुसऱ्या मुलाच्या हातातील खेळणे हिसकावण्याऐवजी मागते काय? यांतील बहुतेक गोष्टी होत नसतील, तर नर्सरी एक वर्ष पुढे ढकलण्यात काहीही गमावले जात नाही. होत असतील आणि शाळा खरोखर खेळघरासारखी असेल, तर थांबण्याचा हट्टही नको. पहिले आठ दिवस मूल रडले म्हणून घाबरून जाऊ नये. महिन्यानंतरही सकाळी पोट दुखत असेल तर मात्र मुलाचे ऐकावे.

‘एक वर्ष वाया जाईल’ ही भीती तर हिशेबातही टिकत नाही. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना खुल्या प्रवर्गासाठीही ३८ वर्षांपर्यंत संधी असते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारख्या थोड्याच ठिकाणी वयाची दोरी आखूड आहे, तरी तेथेही बारावीनंतर प्रयत्नाला वाव उरतो. एके ठिकाणी मात्र सावध राहावे. खासगी शाळांतील २५ टक्के मोफत जागांवर अर्ज करणाऱ्यांना वयाची कमाल मर्यादाही असते. २०२५-२६ मध्ये पहिलीसाठी ती ३१ डिसेंबर रोजी ७ वर्षे ५ महिने ३० दिवस अशी होती. त्या हिशेबाने जुलै ते डिसेंबरात जन्मलेल्या मुलाला एक वर्ष थांबूनही अर्ज करता येतो. जानेवारी ते जूनमधील जन्म असेल तर थांबणाऱ्याची संधी हुकते. गरीब घरातील पालकांना हे कोणीतरी वेळेवर सांगितले पाहिजे.

दुसरी सावधगिरी याहून गंभीर आहे. तीन वर्षांचे मूल दोन शब्दांचेही वाक्य बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर ‘थांबू या, त्याचे बाबाही उशिरा बोलले होते’ असे म्हणणे धोक्याचे आहे. तेथे थांबणे म्हणजे दुखणे झाकणे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत जाऊन बालकांची तपासणी करतात. घरी ठेवलेले मूल नेमके या तपासणीतून निसटते. त्याला आधी कान तपासणाऱ्या डॉक्टरांकडे नेले पाहिजे. शाळा कधी, हा विचार त्यानंतरचा.

येथवरची सारी चर्चा ज्यांना निवड करता येते त्यांची झाली. परभणी जिल्ह्यात अशीही घरे आहेत, ज्यांच्या मुलांचा शाळाप्रवेश दरवर्षी लांबतो आणि तो लांबवायचा की नाही हे त्यांना कोणी विचारत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडील तांड्या-वस्त्यांवरून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय तरी आहे, पण तीन-चार वर्षांच्या लेकराला कोणाकडे ठेवणार? ते ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांबरोबर बसते आणि पुढचे पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत, उसाच्या फडाच्या कडेला काढते. घरी दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होते, ती पाटी घरीच राहते. कारखान्यांच्या तळावर साखरशाळांचा प्रयोग मध्यंतरी पुष्कळ ठिकाणी झाला. तो मोठ्या मुलांसाठीच अपुरा पडला, मग या चिमुरड्यांची काय कथा! पाडव्याच्या सुमारास टोळी परतते. असे तीन हंगाम गेले की मूल सहा वर्षांचे होते आणि बालवाडीचा एकही सलग महिना न पाहता थेट पहिलीच्या पटावर चढते. शहरातील मुलाचे एक वर्ष वाचवायचे की वाढवायचे यावर घरोघरी खल होत असताना या मुलाची तीन वर्षे कोणाच्याही हिशेबात नसतात.

ताराबाईंनी गुरांमागे कुरणात शाळा नेली होती. उसाच्या फडापर्यंत ती नेणे आज त्याहून अवघड नाही. अंगणवाड्यांच्या नोंदी २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाईल प्रणालीत होतात आणि स्थलांतरित बालकाची नोंद एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याची सोय तिच्यात आहे. त्यासाठी टोळी निघण्यापूर्वी कोणीतरी वस्तीवर जाऊन मुलांची नावे, मुकादमाचे नाव आणि कारखान्याचे गाव लिहून घेतले पाहिजे, अंगणवाडीताईंकडून नोंद पुढे पाठविली पाहिजे आणि त्या गावच्या कार्यकर्त्याला निरोप दिला पाहिजे. त्याने तळावर जाऊन मुले जवळच्या अंगणवाडीत पोहोचतात की नाही ते पाहावे. अंतर फार असेल तर ताई आठवड्यातून काही दिवस तळावरच येतील असे जमवावे. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंतचे नऊ-दहा दिवस या कामाला पुरतात. टोळ्या त्यानंतर निघतात.